रंगापूर्वीं साल

माझ्या नातवास बोटभर उंचीचे शिपाई रंगविण्याचा छंद जडला आहे. गेल्या महिन्यांत त्यानें क्रुसेड नांवाच्या धर्मयुद्धांतील एक ख्रिस्ती योद्धा रंगवून माझ्यापुढें ठेवला. चिलखतावर पांढराशुभ्र झगा, छातीवर तांबडा क्रूस आणि चौथऱ्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलें ‘जेरुसलेम, १०९९’. मीं त्याची पाठ थोपटली. दोन दिवसांनीं पुस्तकें चाळतां उमगलें कीं, जन्मभर वह्या तपासलेल्या या मास्तरानें चुकीच्या उत्तरास पैकींच्या पैकीं गुण दिले होते!

पांढरें वस्त्र व तांबडा क्रूस ही टेंप्लर योद्ध्यांची खूण. त्यांचा संघच मुळीं ११२० च्या सुमारास निघाला. पांढरें वस्त्र त्यांस ११२९ मध्यें मिळालें आणि तांबडा क्रूस ११४७ च्या सुमारास. १०९९ मध्यें जेरुसलेम घेणाऱ्यांस गणवेश असा नव्हताच. मोहिमेस निघतांना नॉर्मन सरदार बोहेमंड यानें तर आपला मौल्यवान झगा कापवून त्याचे क्रूस अनुयायांस वाटले. चिलखतावर झगा घालण्याची चाल बाराव्या शतकांत हळूहळू रूढ झाली. तेव्हां १०९९ च्या वीराच्या अंगावर चिलखताचीं लोखंडी कडींच दिसावयास हवींत, आणि त्यांखालून डोकावणारा अंगरखा ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या रंगाचा.

पुढेंही सर्वत्र एकच रंग नव्हता. ११८८ मध्यें असें ठरलें कीं, फ्रेंचांनीं तांबडा, इंग्रजांनीं पांढरा आणि फ्लँडर्सच्या लोकांनीं हिरवा क्रूस लावावा. टेंप्लरांचे हाताखालचे शिपाई काळें किंवा तपकिरी वस्त्र घालीत. हॉस्पिटलर संघाचा झगा काळा व क्रूस पांढरा. त्यांच्या सरदारांस रणांगणावर तांबडें वस्त्र घालण्याची मुभा १२५९ मध्यें मिळाली. ट्यूटॉनिक संघाचा झगा पांढरा, पण क्रूस काळा.

आतां छटांविषयीं. त्या काळीं तांबडा रंग बहुधा मॅडर वनस्पतीच्या मुळ्यांपासून काढीत. ती आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीणच. निळा रंग वोड नांवाच्या झाडाच्या पानांचा. त्यांतील रंगद्रव्य आपल्या निळींत असतें तेंच. वेल्ड वनस्पतीपासून पिवळा, आणि निळ्यावर पिवळा चढविला कीं हिरवा. किरमिजी किड्यांचा झळझळीत तांबडा धनिकांसच परवडे. म्हणून साध्या शिपायाचा तांबडा विटकरीकडे झुकता ठेवावा. पांढऱ्यांत पिवडीचा थेंब मिसळावा, कारण न रंगविलेली लोकर सायीच्या रंगाची असते. आणि काळ्यांत थोडा तपकिरी, कारण गडद काळा साधणें त्या रंगाऱ्यांस कठीण जाई.

हें सर्व नातवास सांगून मीं माझी चूक कबूल केली. तो क्षणभर हिरमुसला, मग म्हणाला, “आजोबा, रंग पुसूं कीं साल?” प्रश्न मार्मिक होता. त्यानें चौथरा खरवडून ‘हत्तीन, ११८७’ असें लिहिलें. त्या वर्षीं हत्तीन येथें सलाउद्दीननें ज्या सैन्याचा पराभव केला, त्यांत टेंप्लर होतेच. बाहुला तोच, रंग तोच. आतां तो खरें बोलतो.

मुलांनीं कुंचला उचलण्यापूर्वीं साल विचारावें, आणि वडीलधाऱ्यांनीं पाठ थोपटण्यापूर्वीं.