दीर्घिकेचा वजनकाटा

राहनाळच्या माणसाला वजनकाटा समजावून सांगावा लागत नाही. जिथे एकेकाळी भाताची खाचरे होती तिथे आज गोदामे आहेत, आणि भिवंडीहून काल्हेर-कशेळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसरात्र ट्रकांची रांग असते. भरलेला ट्रक काट्यावर चढतो आणि आकडा उमटतो. पण त्या आकड्यात माल किती आणि ट्रक किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी रिकाम्या ट्रकचे वजन वेगळे माहीत असावे लागते. एवढी साधी गोष्ट खगोलशास्त्रज्ञांना किती छळते आणि त्यातून आपल्या घरातल्या मुलांनी काय शिकावे, ते आज सांगावेसे वाटते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. तिला काट्यावर चढवता येत नाही. मात्र वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनने सांगितले होते आणि १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ते पडताळूनही पाहिले गेले. मग एखाद्या दूरच्या तेजस्वी क्वेसारच्या आणि आपल्या मध्ये नेमकी एखादी दीर्घिका आली तर? ती भिंगासारखे काम करते आणि एकाच क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. १९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सप्तर्षीच्या तारकासमूहात अशी पहिली जोडी सापडली. दोन्ही ठिपक्यांमधले अंतर एका अंशाच्या सहाशेव्या भागाएवढे, आणि वर्णपट जुळ्या भावंडांसारखे. क्वेसारचा प्रकाश सुमारे ९०० कोटी वर्षे प्रवास करून आला होता, तर मधल्या दीर्घिकेचा सुमारे ४०० कोटी वर्षे.

या विषयाशी आपल्या माणसांचा संबंध पहिल्यापासून आहे. त्याच १९७९ साली शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी एक शोधनिबंध लिहिला. काही रेडिओस्रोतांचे तुकडे प्रकाशापेक्षाही वेगाने दूर जाताना दिसतात, तो भास गुरुत्वीय भिंगामुळे होत असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चित्रे यांनी डी. नरसिंह आणि के. सुब्रमणियन यांच्यासह अशा भिंगांची प्रारूपे मांडली. प्रारूप म्हणजे गणिती नमुना. दीर्घिकेत वस्तुमान कसे पसरले आहे याचा अंदाज करायचा, त्यातून प्रतिमा कुठे दिसतील याचे गणित करायचे, आणि ते दुर्बिणीतल्या चित्राशी जुळेपर्यंत अंदाज सुधारत न्यायचा. चित्रे २०२१ मध्ये आणि नारळीकर २०२५ मध्ये आपल्यातून गेले. नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुकामध्ये अनुप्रिता मोरे आज याच भिंगांचा अभ्यास करतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमाच्या प्रमुखांपैकी त्या एक. त्यात हजारो सामान्य लोकांनी घरबसल्या संगणकावर आकाशाची चित्रे पाहून नवी भिंगे हुडकली. राहनाळच्या आकाशात गोदामांच्या दिव्यांमुळे अंधुक तारे दिसत नाहीत खरे, पण असल्या कामाला त्याची अडचण नाही.

हा खटाटोप कशासाठी? दोन प्रतिमांचा प्रकाश दोन वेगळ्या वाटांनी येतो, म्हणून एक आधी पोहोचतो आणि दुसरा मागून. सप्तर्षीतल्या त्या जोडीतल्या एका प्रतिमेचे तेज डिसेंबर १९९४ मध्ये एकाएकी घसरले. तशीच घसरण दुसऱ्या प्रतिमेत १९९६ च्या सुरुवातीला दिसली, आणि ४१७ दिवसांचा फरक पक्का झाला. वाटांचे परस्पर प्रमाण प्रारूप सांगते, फरक दिवसांत मोजलेला असतो, त्यावरून प्रत्यक्ष अंतरे निघतात आणि विश्व किती वेगाने प्रसरण पावते आहे तेही कळते. ही युक्ती नॉर्वेच्या रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच सुचवली होती.

इथे तो वजनकाटा आडवा येतो. वस्तुमानाची वाटणी थोडी बदलली आणि त्यावर सर्वत्र सारखा पातळ थर पसरला, तरी प्रतिमा जागच्या जागी राहतात. प्रसरणाचे उत्तर मात्र बदलते. १९८५ मध्येच ही अडचण दाखवून दिली गेली होती. ‘रिकाम्या ट्रकचे वजन’ कळण्यासाठी दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग वेगळे मोजावे लागतात.

२०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने सहा क्वेसारांवरून ७३.३ हा आकडा दिला, त्यात चूक फार तर दोन-अडीच टक्के. (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला तितके किलोमीटर.) विश्वाच्या बालपणीच्या प्रारणावरून निघालेला आकडा ६७.४ आहे, म्हणजे हा मोठाच मतभेद. हे काम करताना या मंडळींनी पहिला क्वेसार सोडून बाकी पाचांच्या बाबतीत उत्तर स्वतःपासूनही झाकून ठेवले होते. पद्धत सर्वांना मान्य झाल्यावरच पडदा दूर करायचा आणि जे निघेल ते छापायचे. २०२० मध्ये त्यांच्यातल्याच अनेकांनी वस्तुमानाच्या वाटणीबद्दलचे गृहीतक सैल करून गणित पुन्हा केले. चुकीची मर्यादा सुमारे आठ टक्क्यांवर गेली. तेही त्यांनी जाहीर केले. आपला दावा आपणच ढिला करायला धारिष्ट लागते.

आता आपल्या घरी पाहू. बारावीच्या कुणाही मुलाला लंबकाचा प्रयोग कसा केला ते विचारा. उत्तर ९.८ यायचे हे त्याला आधीच ठाऊक असते. ९.४ आले की तो वेळेचा आकडा खोडतो आणि उत्तरावरून मागे येत तक्ता भरतो. मी अशा कितीतरी प्रयोगवह्या पाहिल्या आहेत. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ९.८ ला पैकीच्या पैकी आणि खऱ्या ९.४ ला लाल रेघ, हा हिशेब मोठ्यांनीच घालून दिलेला आहे.

माझे म्हणणे एवढेच की प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण खऱ्याखुऱ्या नोंदींना आणि ‘माझे उत्तर कितीने चुकू शकते’ या एका वाक्याला द्यावेत. त्याला पैसा लागत नाही, प्रयोगशाळाही नवी लागत नाही. आणि अभ्यासक्रम बदलेपर्यंत आईबापांनी थांबायचेही कारण नाही. आज मुलाची वही उघडावी आणि उत्तर बरोबर आले का, हे विचारण्याआधी, मोजताना काय दिसले ते विचारावे. ९.४ आले असेल तर ते तसेच राहू द्यावे, आणि चार दशांश कुठे गेले असतील ते त्याच्याबरोबर बसून शोधावे.