नट घडवणारा माणूस

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी चेन्नईत न. मुत्तुस्वामी गेले आणि तमिळ रंगभूमीचा मोठा गुरू हरपला. १९७७ मध्ये त्यांनी सुरू केलेली ‘कूत्तुप्पट्टरै’ ही नट घडवणारी तालीमशाळा होती. शहरात राहणारा हा लेखक पुरिसै गावच्या कण्णप्प तंबिरान यांच्या तेरुक्कूत्तुने भारावला आणि त्या लोकनाट्याचे बळ त्याने आधुनिक नाटकात आणले. पसुपती, गुरू सोमसुंदरम हे अभिनेते याच तालीमशाळेत घडले; विजय सेतुपती इथे हिशेब सांभाळता सांभाळता अभिनय शिकला.

मराठी रसिकाला तमिळ रंगभूमीशी असलेले नाते परके वाटू नये. मुत्तुस्वामींचे पुंजै गाव जुन्या तंजावर जिल्ह्यातले. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’आधी सव्वाशेहून अधिक वर्षे त्याच तंजावरात तिथल्या मराठा गादीवरच्या शहाजीराजांनी मराठी नाटके लिहिली होती.

मुत्तुस्वामींचे काम हेच सांगते, की नट तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत त्याच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे लागते. आपल्या गावोगावच्या हौशी मंडळींतही असे गुरू आहेत. त्यांच्या शोकसभेची वाट न पाहता आजच त्यांना तालमीसाठी जागा आणि प्रयोगांना प्रेक्षक मिळवून देऊ या. हा अंक मुत्तुस्वामींच्या स्मृतीला आदराने अर्पण.