गाडी घरची, पट्टे रुग्णवाहिकेचे : कायदा काय म्हणतो?

टाकवे बुद्रुकहून कान्हे फाट्याकडे निघालो की इंद्रायणीचा पूल लागतो. कंपन्या सुटायच्या वेळी इथे गर्दी होते. अशा वेळी मागून लाल-निळे पट्टे चमकले की आपण गाडी बाजूला घेतो, कुणाचा तरी पेशंट असेल म्हणून. गाडी पुढे गेल्यावर कळते, आत पेशंटही नाही आणि पोलीसही नाही. कुणाची तरी घरची गाडी, हौसेने सजवलेली.

हे चालते का? आम्ही नियम पाहिले.

चमकणारी टेप मुळात बेकायदा नाही. उलट ट्रक-टेम्पोला केंद्रीय मोटार वाहन नियम 104 प्रमाणे ती लावावीच लागते : पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. रंगांना अर्थ आहे. अंधारात लाल दिसले की समोरच्या गाडीची मागची बाजू आहे, असे ड्रायव्हर धरून चालतो. म्हणून नियम 108 पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायला मनाई करतो. घाटात, पावसात बॉनेटवर लाल पट्टा मारून फिरणे म्हणजे समोरच्याला चकवणेच.

दिव्यांचे तर सरळ आहे. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने लाल दिव्याला लगाम घातला आणि 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले. ते उरले फक्त रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा तातडीच्या सेवांसाठी. परवानगी नसताना गाडीत असे बदल केले, तर कलम 182 अ नुसार मालकाला दर बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पट्टे मारून 'आम्ही पोलीस' असे भासवले तर मामला आरटीओचा राहतच नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 204 लागते, शिक्षा किमान सहा महिने.

पुण्याने हे जवळून पाहिले आहे. जुलै 2024 मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकर यांची ऑडी गाजली. गाडी खासगी कंपनीच्या नावावर, वर अंबर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन'ची पाटी. बातम्या आल्यावर नोटीस निघाली, गाडी पोलिसांकडे जमा झाली. तेव्हा समजले की 21 चलने आधीच थकली होती! म्हणजे तोवर ती गाडी बिनधास्त फिरत होती. गावातल्या पोराची बाईक स्टिकरसाठी अडवतात ना, तोच हिशोब ऑडीलाही पहिल्या दिवशी लागायला हवा होता.

आपल्या मशिदींच्या ट्रस्टना आणि तरुण मंडळांना एक सांगायचे आहे. कोरोनात अनेकांनी घरच्या गाड्या पेशंटसाठी वापरल्या, त्याची कदर आहेच. पण गाडी खरेच या कामाला द्यायची, तर आरटीओत तिची रुग्णवाहिका म्हणून नोंद करून घ्या. मग वाट न देणाऱ्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. नुसत्या स्टिकरला तो आधार नाही, आणि लोक दोनदा फसले की तिसऱ्यांदा खऱ्या रुग्णवाहिकेलाही वाट देत नाहीत.

ज्यांनी हौसेने पट्टे लावले आहेत, त्यांनी हेअर ड्रायरने टेप गरम करून सावकाश ओढावी. अर्ध्या तासाचे काम आहे, रंगही उडत नाही.