‘सिंबा’ची वर्दी कशाने धुतली?

रोहित शेट्टी यांच्या ‘सिंबा’चा (२०१८) नायक लाचखोर पोलीस अधिकारी आहे. त्यामुळे वर्दीतला भ्रष्टाचार कोण पोसतो, हे चित्रपट दाखवेल अशी आम्हाला आशा होती. निराशा झाली. संग्राम भालेराव सुधारतो, पण कायद्याच्या वाटेने नाही. बलात्कार आणि खुनातील आरोपींना तो पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतो, चकमकीचा बनाव रचतो आणि नायक ठरतो. म्हणजे लाच घेणे पाप आणि कोठडीत जीव घेणे प्रायश्चित्त!

पीडितेला न्याय मिळालाच पाहिजे. पण तो न्यायालयात. संविधानाचे अनुच्छेद २१ आरोपीलाही लागू आहे. म्हणूनच चकमकीतील मृत्यूंची स्वतंत्र चौकशी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणातच बजावले.

पडद्यावर बड्या गुंडाचे भाऊ मरतात. प्रत्यक्षात काय होते? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेले. शवविच्छेदनात अनेक जखमा नोंदवल्या गेल्या. तरीही गुन्हा नोंदवण्यासाठी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

वर्दीला मारण्याची मुभा दिली, की तिची झळ आधी आपल्याच वस्तीला लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दिला आहे. आम्हाला सिंबा नको, ठाण्यातला चालू कॅमेरा हवा.