कर्ज हा गुन्हा नव्हे: सुपे ते मालवण

१/ वसुलीदार दारात ओरडू लागला की मालवण किनाऱ्यावरही माणसे लाजेने दार लोटून घेतात. ‘पैसे घेतले, तर अपमानही सोसावा’ हा समज इतिहासाला मान्य नाही.

२/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. तेथून पसरलेल्या दंग्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. निरक्षर ऋणकोला जो कागद वाचताही येत नसे, त्याच्याच बळावर त्याला तुरुंगात धाडता येई.

३/ पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याच्या अटकेस मनाई केली. पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. मात्र प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेले मालवण त्याबाहेर राहिले.

४/ आज ती सबब उरलेली नाही. ऋणकोचा पिच्छा पुरवणे, त्याला धमकावणे, दहशतीसाठी घराजवळ रेंगाळणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार शिक्षापात्र छळ आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांद्वारे सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी वा सायंकाळी ६ नंतर फोन करण्यास मनाई केली.

५/ कर्ज फेडलेच पाहिजे. पण अब्रू कोणी तारण ठेवलेली नसते. वसुलीदाराचे ओळखपत्र, प्रत्येक हप्त्याची पावती, कर्जाचा लेखी हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद जाळावा लागला; मालवणच्या ऋणकोने तो मागून घ्यावा.