‘यवन’ म्हणून कोणाला हिणवता?

ग्रीक संस्कृतीचा विषय निघाला की महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे अथेन्सची टेकडी, तिच्यावरील संगमरवरी स्तंभ आणि सॉक्रेटिसाचा विषाचा पेला उभा राहतो. त्याच ग्रीकांचे आपल्या भाषेतील प्राचीन नाव ‘यवन’. ते मात्र शिवीसारखे वापरले जाते! आयोनियातील ग्रीकांचा वाचक असलेला हा शब्द पुढे मुसलमानांना चिकटविण्यात आला. आज व्यासपीठावरून तो उच्चारला जातो, तेव्हा वक्त्याला आयोनियाचे स्मरण झालेले नसते. शेजारच्या वस्तीतील शेतमजुराला आणि विणकराला परके ठरविणे एवढाच त्यामागचा हेतू असतो.

या वक्त्यांनी एकदा कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तेथील स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकटचे अनेक यवन आहेत. त्यांच्याच पंक्तीत एक गंधी आणि एक सुतार यांचीही नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या यवनांची नावे तर इतकी एतद्देशीय आहेत की, ही माणसे रक्ताने ग्रीक होती काय, असा वाद विद्वानांत चालत आला आहे. वास्तविक हा वाद उपस्थित व्हावा यातच सारे उत्तर सामावलेले आहे. ज्यांचे रक्त ओळखता येत नाही आणि दान तेवढे ओळखता येते, त्यांना परके कोणत्या निकषावर म्हणावयाचे?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. गौतमीपुत्र सातकर्णीने शक, यवन, पल्हवांचा संहार केला, असे नाशिकच्या लेण्यातील त्याच्या मातेचा लेखच सांगतो. मग यवनांचे कौतुक कशासाठी? लेख खरा आहे. परंतु त्याच डोंगरातील दुसरे लेणे उत्तरेकडून आलेल्या, दत्तामित्री येथील इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने कोरविले आहे, आणि तेही आईवडिलांच्या पूजेप्रीत्यर्थ. राजाने शत्रू म्हणून जिंकलेला यवन आणि मातापित्यांसाठी डोंगर कोरविणारा यवन एकाच डोंगरात नांदतात. यांपैकी पहिलाच तेवढा ज्यांना दिसतो, त्यांना इतिहास नको असतो; हाती एक लाठी हवी असते. 1906 साली जोगळटेंभीला 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची, त्यांवर ग्रीक अक्षरे. आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटविलेला. विजेत्याने शत्रूचे नाणे वितळविले नाही, चालविले! बाजाराला शुद्धतेचे वेड परवडत नाही.

मात्र याच्या उलट टोकाचा भ्रमही तितकाच घातक आहे. भारतात जे सुंदर ते ग्रीकांकडून आले, हे साहेबाने पढविलेले पोपटाचे ज्ञान अद्याप पुरते सुटलेले नाही. अथेन्सच्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांना लॉरियमच्या चांदीच्या खाणीत राबणारे गुलाम आठवत नाहीत. आणि भंडारा जिल्ह्यातील कोंढा गावच्या शाळकरी मुलाला पार्थेनॉन ठाऊक असावा, पण आपल्याच तालुक्यातील पवनी ठाऊक नसावी, याला शिक्षण म्हणता येत नाही.

वैनगंगेच्या काठी पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या या कामातून एक प्राचीन स्तूप आणि त्याच्या कठड्याचे लेखांकित स्तंभ उजेडात आले. तेथील मुचलिंद नागाच्या शिल्पात फण्याखालचे आसन रिकामे आहे. बुद्धाची मानवी मूर्ती न घडविताही बुद्ध दाखविण्याची ही कला कोणत्याही अथेन्सची उसनी नव्हे. आणि म्हणून पवनी ‘शुद्ध’ राहिली काय? तेही नाही. महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ याच पवनीत सापडला. परकीय वळणाचे नाव आणि क्षत्रपांची पदवी वैनगंगेच्या काठापर्यंत पोहोचली होती, आणि ती येथल्याच ब्राह्मी लिपीत कोरली गेली.

तेव्हा कोंढ्याच्या मुलाला दोन गोष्टी मिळावयास हव्यात. पवनीचे लेख सोप्या मराठीत, त्याच्या शाळेत आणि त्या टेकडीच्या पायथ्याशी, हा त्याचा हक्क आहे. सरकारची मेहेरबानी नव्हे. दुसरी गोष्ट सरकारकडे मागण्याची नाही, ती समाजाने स्वतःच द्यावयाची आहे. ‘यवन’ या शब्दाचा अर्थ विचारला असता त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. जुन्नरला तहानलेल्यांसाठी पाण्याच्या पोढी खोदविणाऱ्या माणसाचे नाव सांगावे.