मुलांना मातीत हात घालू द्या

“पोराला शिकायला शाळेत घातलंय, टिकाव मारायला नाही,” हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित म्हटलेही असेल. ज्याने उन्हात जन्म काढला त्याला आपले लेकरू सावलीत बसावे असे वाटणारच. पण दहावीपर्यंत नुसता सावलीत बसलेला पोरगा पुढे पुष्कळदा ना कचेरीच्या कामाचा उरतो, ना शिवाराच्या. हा घोर बऱ्याच घरांना आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग नावाच्या शास्त्रज्ञांनी यावर खटाटोप केला. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून ते १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या पोरांना त्यांनी वर्षभर ठेवून घेतले आणि कामातून विज्ञान शिकवले. पुढे तीच पद्धत आठवी ते दहावीच्या शाळांत गेली. आठवड्यातला एक दिवस कामाचा. लोखंड-लाकूडकाम, वीज व ऊर्जा, शेती व जनावरे, घर व आरोग्य असे चार विभाग, आणि ते मुलामुलींना सगळे सारखेच. म्हणजे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरातले शिकतो. (आजीबाई नाक मुरडतील. मुरडू द्या.) कलबाग २००३ साली वारले, काम चालू आहे.

वर्गाबाहेर असे काय शिकायला मिळते? माती परीक्षणाचेच घ्या. मुलगी शेजाऱ्याच्या रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडते. बांध, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा टाळते. वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घेऊन कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडते. सगळी एकत्र कालवून चार वाटे करते, समोरासमोरचे दोन टाकते, आणि असे अर्धा किलो उरेपर्यंत चालते. सरासरी म्हणजे काय हे तिला आता फळ्यावर सांगावे लागत नाही. शिवाय तिच्या पुडीवर शेजाऱ्याच्या खताचा हिशेब ठरणार असतो, म्हणून ती हयगय करीत नाही. घोकलेली व्याख्या परीक्षेनंतर विरते. हे विरत नाही. तुम्हीच आठवा, पाभर धरायला कितव्या वर्षी शिकलात, आणि विसरलात का?

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत कामातून शिक्षणाचाच आग्रह धरला होता. पण त्या नावाखाली पोरांना मैदान झाडायला किंवा गुरुजींच्या घरी पाणी भरायला लावले, तर ते शिक्षण नव्हे, वेठ आहे. फरक ओळखायचा कसा? मुलाची वही पाहा. माप घेतले का, खर्च मांडला का, बिघडले तर कशाने ते लिहिले का. वही कोरी असेल तर शाळेत जाऊन विचारा, भिडू नका.

आणि काम खरे असेल तर मळलेल्या कपड्यांवरून घरी बोलू नका. या उन्हाळ्यात आपल्याच रानाची माती काढायचे काम त्यांच्यावर सोपवा. तेव्हा घमेले मात्र प्लॅस्टिकचे आणि स्वच्छ द्या. गंजलेले लोखंडी दिलेत तर लोहाचा आकडा चुकीचा येईल, आणि खताच्या गोणीतली माती चिकटली तर सगळेच आकडे फसतील.